घर विकायला काढलं आणि घरात वाघ्या होता : कोथरूडमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोथरूडमधली नव्वदच्या दशकातली इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. काका ७१ वर्षांचे, काकू ६६ वर्षांच्या, मुलगा बंगळूरला. दोन बेडरूमच्या या घरात त्यांनी २६ वर्षं काढली. काकूंच्या गुडघ्यांना जिने झेपेनासे झाले, तेव्हा त्यांनी तळेगाव दाभाड्याला तळमजल्यावरचं, पुढे लहानसं अंगण असलेलं घर पसंत केलं आणि विसार देऊन टाकला. उरलेली रक्कम डिसेंबरअखेर द्यायची होती. ती कोथरूडचं घर विकल्याशिवाय येणार नव्हती. ही तारीख शेवटपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर होती, म्हणून आधीच सांगून ठेवते.

घरातला तिसरा जीव म्हणजे वाघ्या. नाव बदललं आहे, बाकीचीही ओळख पुसली आहे. आठ वर्षांचा गावठी कुत्रा, एका पावसाळ्यात इमारतीच्या पार्किंगमध्ये भिजत बसलेलं पिल्लू काकूंनी वर आणलं ते हे. घरच्या माणसांशी लोण्यासारखा मऊ, पण अनोळखी माणसाची त्याला भीती. भीती वाटली की तो भुंकायचा. आठ वर्षांत या घरी आले ते बहुतेक ओळखीचेच, आणि तेही पुढच्या खोलीत बसून चहा घेऊन गेले. आतल्या खोल्यांत परका माणूस फिरतोय, कपाटं उघडून बघतोय, असं त्याने कधी पाहिलेलं नव्हतं.

मी कुत्र्यांच्या वर्तनाचं काम करते. मला फोन आला तो ऑगस्टमध्ये, व्हायचं ते होऊन गेल्यावर. त्याआधी काय घडलं ते मला काकूंच्या वहीतून कळलं. घर बघायला कोण आलं, किती वाजता आलं, काय म्हणालं, हे त्या तारखेनिशी लिहून ठेवत. ती वही नसती तर मी अंदाजानेच बोलत राहिले असते.

अडचण कशी वाढत गेली

जुलैच्या पहिल्या रविवारपासून सहा आठवड्यांत वहीत १७ फेऱ्यांची नोंद होती. त्यातल्या १३ शनिवार-रविवारी. एका रविवारी तर चार कुटुंबं येऊन गेली होती.

प्रत्येक वेळी तेच व्हायचं. बेल वाजली की काका वाघ्याला घाईघाईने मागच्या गॅलरीत नेऊन बांधायचे आणि दार लावून घ्यायचे. ही गॅलरी मोठ्या बेडरूमला लागून होती आणि तिथून टेकडी दिसायची. म्हणजे घरातली सगळ्यात देखणी जागा नेमकी भुंकणाऱ्या कुत्र्याने अडवलेली. लोक बेडरूमच्या उंबऱ्यावरूनच मागे फिरत. बोलणं ऐकू येत नसे, म्हणून काकू मोठ्याने बोलत, आणि त्यांचा चढलेला आवाज ऐकून वाघ्या आणखी भुंके.

वही वाचताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या आठवड्यातल्या नोंदींत ‘थोडा भुंकला, मग गप्प’ असं होतं. पाचव्या आठवड्यात ‘लोक जाईपर्यंत थांबला नाही, नंतर तासभर धापा’ असं. कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर हे सरळ आहे. परकी माणसं आली, तो भुंकला, माणसं निघून गेली. सतरा वेळा त्याला हाच धडा मिळाला की भुंकल्याने काम होतं. शिवाय घाबरलेल्या कुत्र्याचं शरीर अर्ध्या तासात निवत नाही. सकाळच्या फेरीचा ताण संध्याकाळपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. एका रविवारी चार फेऱ्या म्हणजे चौथ्या वेळी तो आधीच्या तिन्हींचं ओझं घेऊन उभा असायचा.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी एजंट न कळवता एका कुटुंबाला घेऊन आला. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी होती. काका खाली दूध आणायला गेले होते. काकूंनी वाघ्याला गॅलरीत कोंडलं, पण साखळी अडकवायची राहिली. पाहुण्यांपैकी कोणीतरी टेकडी बघायला म्हणून गॅलरीचं दार उघडलं. मुलगी घाबरून पळाली, वाघ्या तिच्यामागे धावला, वडील मधे आले आणि त्यांच्या पोटरीवर दात लागला. ओरखडा उथळ होता, पण रक्त आलं होतं.

काकूंनी त्या क्षणी एक गोष्ट अगदी बरोबर केली. मुलीच्या वडिलांना बाथरूममध्ये नेऊन वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटं धुवायला लावली. मग फाईल काढली, आणि कळलं की वाघ्याच्या रेबीजच्या लसीची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. घर शोधण्याच्या धावपळीत तारीख निसटली होती. त्या गृहस्थांना लगेच लसीकरण सुरू करावं लागलं. खर्च काकांनी दिला, रोज फोन करून चौकशी केली. वाघ्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं ठरलं, तेवढे दिवस घर दाखवणं बंद. तो ठणठणीत राहिला. त्या कुटुंबाने तक्रार केली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

कोणते पर्याय समोर होते

या दहा दिवसांत घरात जे वाद झाले, ते मला पहिल्या भेटीतच दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळाले.

एजंटने सुचवलं, ‘माझ्या ओळखीच्यांचं मुळशीला फार्महाऊस आहे, तिथे सोडू.’ आठ वर्षं माणसांच्या पलंगाखाली झोपलेला कुत्रा अनोळखी शेतावर नेऊन सोडणं म्हणजे त्याला टाकून देणं. पाळलेल्या जनावराला असं वाऱ्यावर सोडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. काकूंना कायदा सांगावा लागला नाही. त्यांनी तो विषय तिथेच संपवला.

मुलाचं मत, विक्री होईपर्यंत वाघ्याला बोर्डिंगमध्ये, म्हणजे पैसे घेऊन कुत्रे सांभाळणाऱ्या जागी, ठेवावं. खर्च तो करणार होता. दुसरा पर्याय, काका-काकूंनीच आधी भाड्याने कुठे राहायला जावं आणि रिकामं घर दाखवावं. त्यात दोनदा सामान हलवणं आलं, शिवाय वाघ्याला दोनदा नवी जागा. तिसरा, औषध देऊन त्याला गुंगीत ठेवावं. हे मी स्पष्ट नाकारलं. नुसती गुंगी आणणाऱ्या औषधाने अंग जड होतं, भीती तशीच राहते.

माझं म्हणणं चौथं होतं: वाघ्या घरीच राहील, फक्त घर बघायला माणसं येतील तेव्हा तो घरात नसेल, आणि माणसं केव्हा येणार हे आपण ठरवू.

सोसायटीचाही प्रश्न होता. त्या प्रसंगानंतर सेक्रेटरींनी पत्र दिलं की कुत्र्याला सामायिक जिन्यावरून नेऊ नये. काका चिडले. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांचा कागद घेऊनच ते बसले होते, आणि त्यांचं चूक नव्हतं. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. पण घर घेणाऱ्याच्या बँकेला सोसायटीचं पत्र लागतं, शेअर सर्टिफिकेटवरचं नावही सोसायटीच बदलून देते. अशा वेळी भांडण जिंकून हाती काय येणार होतं? शिवाय जिन्यात लहान मुलं असतात आणि या कुत्र्याचा दात एकदा लागलेला आहे, हेही खरंच होतं. आम्ही कागद बाजूला ठेवला. काका नवं लसीकरण प्रमाणपत्र आणि महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना घेऊन सेक्रेटरींना भेटले आणि म्हणाले, ‘जिन्यात तो जाळीचं मुसकं घालूनच उतरेल.’ पत्र परत घेतलं गेलं नाही, पण पुन्हा कोणी अडवलंही नाही.

गणपतीतला चुकलेला निर्णय

मुलाच्या आग्रहाखातर बोर्डिंग एकदा करून पाहायचं ठरलं. मीही हो म्हटलं. गणपतीत इमारतीत वर्दळ असते, ढोलताशे असतात, तेवढे दहा दिवस वाघ्या शांत जागी राहील असा विचार. जागा चांगली होती, माणसं प्रेमळ होती. पण तो चार दिवस जेवला नाही. सहाव्या दिवशी त्याला जुलाब लागले आणि काका त्याला घरी घेऊन आले. त्यानंतर आठवडाभर तो काकूंच्या मागे मोरीपर्यंत जायचा.

आयुष्यात कधी बाहेर न राहिलेल्या आठ वर्षांच्या भित्र्या कुत्र्याला थेट दहा दिवस पाठवायला मी होकार द्यायला नको होता. आधी एक दुपार, मग एक रात्र, मग दोन रात्री, असं करून पाहायला हवं होतं.

त्याला तपासायला नेलं तेव्हा पशुवैद्यांना डाव्या कानात जुना संसर्ग सापडला. पावसाळ्यात लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना तो होतोच, पण वाघ्याचे कान ताठ, म्हणून कोणी आत पाहिलंच नव्हतं. दुखणं अंगावर असलं की कुत्र्याची सहनशक्ती आधीच संपलेली असते. हा कान जुलैमध्ये दाखवला असता तर, असं काकू आजही म्हणतात.

पितृपक्षात काय केलं

पितृपक्षात आपल्याकडे घर बघायला कोणी येत नाही. एजंटचा फोन पंधरा दिवस गप्प. काका-काकूंना वेळ वाया जाण्याची चिंता होती. मला मात्र हे पंधरा दिवस वरदानासारखे वाटले.

पहिलं काम बेलचं. आम्ही ती काढूनच टाकली. तिच्या आवाजाशी सहा आठवड्यांची भीती चिकटलेली होती. मोबाइलवर वेगळा, हलका आवाज निवडला. तो अगदी बारीक वाजवायचा आणि वाघ्यापुढे पनीरचा तुकडा टाकायचा. एरवी मी उकडलेलं चिकन सांगते, पण या घरात अंडंही शिजत नाही. पनीरने काम अडलं नाही. आठव्या दिवशी आवाज झाला की वाघ्या दाराऐवजी काकूंच्या हाताकडे पाहू लागला.

दुसरं मुसक्याचं. कापडी मुसक्यात तोंड आवळलं जातं, कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत. म्हणून जाळीचं, आत जीभ बाहेर काढून पाणी पिता येईल असं घेतलं. पहिले चार दिवस ते नुसतं भांड्यासारखं वापरलं, आत दहीभात लावून. तो स्वतः तोंड घालायला लागल्यावरच पट्टा बांधला.

तिसरं वासाचं. हे सांगायला मला जड गेलं. रोज राहणाऱ्यांच्या नाकाला घरचा वास कळत नाही. पहिल्या दिवशी दार उघडताच मला कुत्र्याच्या लघवीचा आणि फिनेलचा मिसळलेला वास आला होता. काकू नीटनेटक्या, रोज दोनदा फिनेलने पुसणाऱ्या. त्यांना ते ऐकून रडू आलं. कारण फरशीत होतं. गॅलरीत जुनी शहाबादी फरशी होती, ती पाणी पिते. पावसाळ्यात खाली नेणं झालं नाही की वाघ्या तिथेच करायचा आणि ते दगडात आणि सांध्यांत मुरत गेलं. फिनेल वरून वास झाकतं, आत मुरलेलं तसंच राहतं, आणि कुत्र्याला जागा बरोबर कळते. एन्झाइमचं द्रावण ओतून, वर ओला टॉवेल टाकून रात्रभर ठेवलं. असं तीनदा केलं. सांधे कोरून पुन्हा भरले. तरी दोन लाद्यांचा वास जाईना, त्या बदलल्या. पडदे आणि सोफ्याची कव्हरं धुतली, एसीच्या जाळीतले केस काढले, नखांनी ओरबाडलेली बेडरूमच्या दाराची खालची कड सुताराने घासून पॉलिश केली.

एका वस्तूला मात्र हात लावू दिला नाही. काकूंच्या जुन्या साड्यांची गोधडी, ज्यावर वाघ्या झोपतो. काकू ती धुवायला काढत होत्या. घरातले सगळे वास एका आठवड्यात नाहीसे झाले तर कुत्र्याला आपलं घर ओळखायला काही उरत नाही. गोधडी न धुता एका पिशवीत ठेवायचं ठरलं. तो बाहेर जाईल तिथे पिशवी जाईल.

घटस्थापनेनंतरचं वेळापत्रक

एजंटशी मी स्वतः बोलले. घर फक्त बुधवारी संध्याकाळी ५ ते ६.३० आणि रविवारी सकाळी १० ते १२ दाखवायचं. लोक पाठोपाठ आणायचे, प्रत्येकाला वीस मिनिटं. आदल्या दिवशी फोन, आणि खाली आल्यावर बेल नाही, फोनच. त्याला पटेना. ‘गिऱ्हाईक आपल्या सोयीने येत नाही मॅडम,’ तो म्हणाला. काकूंनी वही पुढे केली. १७ फेऱ्यांपैकी ११ जण दहा मिनिटंही थांबले नव्हते. त्यावर तो तयार झाला.

ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी काका वाघ्याला घेऊन निघत. रविवारी टेकडीवर, साखळीवरच, कारण वर मोर असतात. बुधवारी संध्याकाळी शेजारच्या गल्लीत भाचीच्या घरी, गोधडीच्या पिशवीसह. गाडीत बसवून ठेवायचा विचार काकांनी एकदा बोलून दाखवला होता. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहा-एक अंशांनी तापते. तो विचार तिथेच सोडला.

कुत्रा आहे हे सांगायचं की लपवायचं, यावर एजंटशी माझा खरा मतभेद झाला. तो म्हणे भांडी, साखळी, फोटो, सगळं काढा आणि विषयच नको. जाहिरातीच्या फोटोंबाबत त्याचं मला पटलं, तिथे वाघ्याची भांडी दिसायची गरज नव्हती. पण प्रत्यक्ष आलेल्या माणसाला काकू पहिल्याच वाक्यात सांगत, ‘आमच्याकडे कुत्रा आहे, आत्ता तो फिरायला गेलाय. गॅलरीच्या दोन लाद्या त्याच्यामुळे बदलल्यात.’ टेबलावर लसीचं पुस्तक आणि परवाना ठेवलेला असे. दोन कुटुंबं हे ऐकून लगेच निघाली. उरलेली गॅलरीत उभी राहून टेकडी बघू लागली.

दसऱ्याच्या आधी पाच फेऱ्या झाल्या, नंतर चार. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी विसार मिळाला.

विसारानंतरच्या फेऱ्या

विसार मिळाला की येणं-जाणं संपलं, असं घरच्यांना वाटलं. मलाही वाटलं. प्रत्यक्षात त्यानंतर सात वेळा माणसं आली. घेणाऱ्यांचे सासू-सासरे, होकायंत्र घेऊन वास्तूवाले, बँकेचा मूल्यांकनासाठी आलेला माणूस, स्वयंपाकघराच्या ट्रॉलीचं माप घेणारा, मग तोच पुन्हा एकदा. ही माणसं वीस मिनिटांत जात नाहीत. वास्तूवाले दीड तास होते.

बँकेचा माणूस तर मंगळवारी दुपारी अचानक आला. वाघ्या घरात होता. बेल नव्हती, त्याने दार ठोठावलं. वाघ्या भुंकत उठला, पण काकूंनी मोबाइलवरचा आवाज वाजवल्यावर थांबला आणि पनीरसाठी आला. काका त्याला मुसकं घालून खाली घेऊन गेले. मला ते फोनवर सांगताना काकूंचा आवाज थरथरत होता, आनंदाने. त्या दिवसानंतर आम्ही घेणाऱ्यांना विनंती करून तेच दोन वार त्यांच्याकडूनही कबूल करून घेतले. साठेखताच्या बोलणीतच हे ठरवून घेतलं असतं तर तो मंगळवार नशिबावर सोडावा लागला नसता.

ताबा द्यायच्या आधीच फर्निचरचं काम सुरू करू द्या, अशीही विनंती आली. आठवडाभर ड्रिलचा आवाज, दार उघडं, आत-बाहेर माणसं. काका संकोचले, काकूंनी नम्रपणे नाही म्हटलं. घेणाऱ्यांनी ते मानलं.

निष्पत्ती

घर सांगितलेल्या किमतीपेक्षा चार लाख कमी मिळवून गेलं. घासाघीस लिफ्ट नसण्यावरून झाली, वाघ्याचा विषय निघाला नाही. दस्तनोंदणी नोव्हेंबरअखेर झाली आणि तळेगावची रक्कम वेळेत गेली.

सामान हलवायच्या दिवशी वाघ्याने एकही खोकं उचललेलं पाहिलं नाही. पहाटेच मी त्याला टेकडीवर नेलं. मुलगा बंगळूरहून आला होता, तो तळेगावला पुढे जाऊन एक खोली लावून बसला. पशुवैद्यांनी प्रवासासाठी भीती कमी करणारी गोळी दिली होती, तिची चाचणी आधीच एका शांत दिवशी घरीच घेतली होती. दुपारी वाघ्या नव्या घरात शिरला, सगळ्या खोल्या हुंगल्या, आणि गोधडी अंथरलेल्या खोलीत जाऊन बसला. रात्री जेवला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी जेवला.

पाचव्या दिवशी तो फाटकाखालच्या फटीतून बाहेर गेला. फाटकाची कडी मी तपासली होती, खालची फट नाही. गळ्यातल्या बिल्ल्यावर नवा पत्ता आणि फोन घातलेला होता, त्यामुळे दोन गल्ल्या पलीकडच्या एका दुकानदाराने वीस मिनिटांत फोन केला. काकांनी त्याच संध्याकाळी फटीला लाकडी फळी ठोकून घेतली, आणि पुढचे तीन आठवडे अंगणातही वाघ्या लांब दोरीवरच राहिला.

आज हे प्रकरण हाती आलं असतं तर

जाहिरात टाकायच्या आधीच लसीचं पुस्तक उघडलं असतं आणि पशुवैद्यांकडे एकदा पूर्ण तपासणी करून घेतली असती. दोन्ही मिळून एका सकाळचं काम होतं.

गॅलरीत बांधणं पहिल्या फेरीपासूनच टाळलं असतं. तिथेच बहुतेक सगळं बिघडलं. जिथे कुत्र्याला ठेवायचं ती जागा बघायला येणाऱ्यांच्या वाटेत नसावी, आणि ती अशी नसेल तर कुत्रा घराबाहेर असावा. दारावर ‘उघडू नका’ अशी चिठ्ठी आणि आतून कडी, एवढंही त्या रविवारी पुरलं असतं.

बोर्डिंगबद्दल वर लिहिलंच आहे. आता मी कोणालाही घर विकायचं ठरण्याच्या दोन-तीन महिने आधीच एक-एक रात्रीची सवय लावायला सांगते, मग ती वापरावी लागो वा न लागो.

आणि फेऱ्या मोजायला सांगते. काका-काकूंच्या घरी जुलै ते नोव्हेंबर मिळून ३३ वेळा परकी माणसं आली. सुरुवातीला विचारलं असतं तर दोघांनीही ‘आठ-दहा’ म्हटलं असतं.

काकूंनी ती वही तळेगावला नेली आहे. उरलेल्या पानांवर आता वाघ्याच्या औषधांच्या तारखा आहेत. पुढची रेबीजची लस लाल शाईने लिहिली आहे, आणि तीच तारीख काकांच्या कॅलेंडरवरही.